तू येते म्हणाली होतीस

३ जानेवारी, मंगळवार

प्रिय भिंगरी,

आज सकाळी तुझे बाबा गेले. नेहमीसारखे उठले, दात घासले, दाढीला गरम पाणी मागितलं. पाणी घेऊन आले तेव्हा ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेलेले होते. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली आणि दुसरी खुर्ची ओढून माझ्यामागे ठेवली. तेव्हा मला कळलं.

दुपारी सगळं आटोपलं. रेडिओच्या वाद्यवृंदातले जुने लोक आले होते. त्यांच्यापैकी एकाने बाबांचं व्हायोलिन पेटीतून काढून तारा सैल केल्या. वाजवणारा नसला की तारा ताणलेल्या ठेवू नयेत, म्हणाला. जावई आले होते. गाडीचं, डॉक्टरांच्या दाखल्याचं, सगळं त्यांनीच पाहिलं. शेवटपर्यंत थांबले. निघताना विचारलं, "तिला कळवलंत?" मी म्हटलं, कळवते.

तू फोन घेत नाहीस म्हणून तुझ्या ऑफिसात निरोप ठेवला. फोनवरच्या मुलीने विचारलं, "कोण गेलं म्हणून सांगू?" मी म्हटलं, वडील. ती आधी "ओके" म्हणाली आणि मग "सॉरी" म्हणाली. निरोप पोचला असेल. नसला तर हे पत्र आहे.

लगेच निघून यायला हवं असं नाही. करायचं सगळं झालेलं आहे.

लोक दिवसभर "गेले, गेले" म्हणत होते. तू निघताना जे क्रियापद वापरलंस तेच हे, एवढं माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटरच टाकायला सांगितलं.

आई


११ जानेवारी, बुधवार

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी आहेत. "मला यायला जमणार नाही. बाबा माझ्याबद्दल शेवटी काही म्हणाले का?"

पहिल्या ओळीबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसरीचं उत्तर देते. शेवटी असं काही झालंच नाही. दाढीचं पाणी मागितलं, तेच शेवटचं बोलणं. त्याआधीचं विचारशील, तर तुझा विषय घरात निघायचा. तोही ते स्वतःच काढायचे, जेवताना किंवा चप्पल घालताना, मध्येच. "ती जाते म्हणाली," असं म्हणायचे. मी विचारायचे, "अहो, पण त्याआधी ती काय सांगत होती, ते ऐकलंत का?" तर म्हणायचे, "शेवटी जाते म्हणाली. आपल्या घरात असं कुणी म्हणत नाही."

तो दिवस तुझ्या आठवणीत कसा आहे, मला माहीत नाही. माझ्या आठवणीत असा आहे.

तू बॅग खाली न ठेवताच बोलायला सुरुवात केलीस. "बाबा, मी तिकडे परत जाणार नाहीये. मी वेगळी होतेय."

"भांडण झालं का?"

"भांडण नाही."

"मग झालं काय? भांडण नाही, तंटा नाही. चांगला मुलगा आहे. वाट बघत असेल बिचारा. राहा चार दिवस, मग जा. रागाने निघालेलं माणूस परत येतंच. तुझ्या आईलाच विचार." आणि माझ्याकडे बघून हसले.

तू म्हणालीस, "आज तरी ते गाणं नको, बाबा."

"मी कुठे गाण्याचं काही म्हटलं?"

"तुम्ही वीस वर्षं तेच म्हणताय. जाते मी."

"येते म्हण."

"नाही. जाते."

"अगं, निघताना येते म्हणावं."

"मी एवढं बोलले, त्यातला हा एकच शब्द ऐकू आला तुम्हाला?"

आणि तू दार ओढून घेतलंस. ते आपटलं नाही. बाबांच्या सरावाचा आवाज बाहेर जाऊ नये आणि जिन्यातला आत येऊ नये, म्हणून त्याला कडेने जाड फेल्टची पट्टी लावलेली आहे, ती तुलाही माहीत आहे. ते दार कधीच कुणाला आपटता आलेलं नाही. तुला आपटायचं होतं, एवढं मला समजलं.

मी जिन्यापर्यंत आले तोवर तू खालच्या मजल्यावर होतीस.

मागच्या आठवड्यापासून मी पुन्हा दुकानात जाऊ लागले आहे. चष्म्याच्या काचा बसवायला बसलं की दिवस जातो. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढ्यात कशाला आलात?" मी म्हटलं, बायफोकलची मोठी ऑर्डर पडून आहे. त्यांनाही ते बरंच वाटलं.

आई


२० जानेवारी, शुक्रवार

प्रिय भिंगरी,

काल रेडिओवरच्या एक बाई आल्या होत्या. तुझ्यापेक्षा लहान असतील. बाबांच्या आठवणींचा कार्यक्रम करायचं ठरलं आहे. चार फेब्रुवारीला, रेडिओच्याच सभागृहात. त्या गाणाऱ्या बाई स्वतः येऊन बाबांचं ते गाणं म्हणणार आहेत, आणि ते गाणं कसं झालं ते मी सांगायचं, असं त्यांच्या मनात आहे.

म्हणाल्या, "काकू, माझ्या लग्नात मी त्याच गाण्यावर आत आले. 'दार लोटून घेते, येते मी' सुरू झालं आणि दार उघडलं. सगळे रडले. माझे सासरे रडले, ते कशालाच रडत नाहीत."

मी म्हटलं, "बरं."

"तुम्ही लग्नाआधी त्यांना भेटायला चोरून जायच्यात ना? दार हळूच लोटून? त्यावरूनच केलंय ना ते?"

मी म्हटलं, "आमचं ठरवून झालं. चोरून जायची वेळच आली नाही."

त्या खूप हसल्या. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. मग म्हणाल्या, "हेच सांगा काकू, असंच सांगा!"

त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तुलाही मी खरं काय ते कधी सांगितलेलं नाही. तू विचारलं नाहीस, कारण तुला वाटायचं ते तुला ठाऊक आहे. बाबाही खोटं बोलत नव्हते. कुणी विचारलं की "शब्द आमच्या घरातला आहे" एवढंच सांगायचे. बाकीचं लोकांनी जोडलं. चांदण्याचं आणि पैंजणांचं जे पुढे आहे ते गीतकारांचं. आमच्या घरात पैंजण कधी नव्हते.

आमच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. माझे वडील आजारी पडले. तुझ्या बाबांचा कान तुला माहीत आहे. दोन खोल्या पलीकडे एखादी तार केसभर उतरली तरी जेवणावरून उठायचे. पण माणूस बोललं की त्यांना आवाज ऐकू यायचा, बोलणं ऐकू यायचं नाही. मी म्हणायचे, "वडिलांना दवाखान्यात ठेवलंय." ते म्हणायचे, "हं." मी म्हणायचे, "डॉक्टर म्हणतात आता काही खरं नाही." ते म्हणायचे, "हं." मी एकटीच जाऊन येत होते. वडील गेले त्या दिवशी मी तिथे होते. दोन दिवसांनी घरी आले, तर मला बघून म्हणाले, "आज दुकान लवकर सुटलं वाटतं?"

मी सांगितलं. तर म्हणाले, "अरेरे. मला कुणी सांगितलंच नाही."

त्यावर मी भांडले नाही. भांडायला काही तरी शिल्लक असावं लागतं. पुढच्या आठवड्यात कपडे बॅगेत भरले. ते पुढच्या खोलीत व्हायोलिन घेऊन बसले होते, तोंड खिडकीकडे. मी दाराशी उभी राहून म्हटलं, "येते." भाजी आणायला जातानाही तेच म्हणायचे. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द, दुसरा काही आला नाही. ते म्हणाले, "हं." मी दार लोटून घेतलं आणि तुझ्या मावशीकडे गेले.

मावशीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघ, आठवड्याभरात येतो न्यायला." आठवडा झाला, महिना झाला. मग ती म्हणू लागली, "त्याला बायको गेलीये हे तरी कळलंय ना? की तिथे अजून जेवायला वाढ म्हणतोय?" तुझे काका म्हणायचे, "तिला बोलू नकोस." मावशी म्हणायची, "मी तिला कुठे बोलतेय, मी त्या व्हायोलिनला बोलतेय."

मी तिथल्याच एका चष्म्याच्या दुकानात काम धरलं. ते न्यायला आले नाहीत याचा राग मला जाताना जेवढा होता त्यापेक्षा जास्त आला. मी त्यांना सोडून आले होते, पण ते यावेत असंही मला वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं. तुला यात काही ओळखीचं वाटत असेल तर वाटो, नसेल तर नसो.

गाणं मी पहिल्यांदा त्या दुकानात ऐकलं. कोपऱ्यात रेडिओ असायचा. मी काच घासत होते. "दार लोटून घेते, येते मी. दिवा नको विझवूस, येते मी." चाल त्यांची आहे हे मी ओळखलं. शब्द माझा आहे हे ओळखलं नाही. कुणाच्याही तोंडी असतो असाच शब्द आहे तो. शेजारी बसणारी म्हणाली, "काय गोड म्हटलंय!" मी म्हटलं, हो. आणि काच घासून पुरी केली.

गाणं ऐकून मी परत आले असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. दुकानाच्या मालकांनी सांगितलं की स्वतःची हत्यारं आणा. माझी पकड आणि पेचकसांची पेटी इथे कपाटावर राहिली होती, ती न्यायला मी आले. ते रेडिओवर असतील अशी वेळ साधून आले होते. पण त्या दिवशी त्यांना सुट्टी होती आणि पुढच्या खोलीत शिकायला येणारी मुलं बसली होती. मला दारात बघून म्हणाले, "आलीस? फार दिवस लावलेस."

मी मुलांसमोरच म्हटलं, "तुम्ही न्यायला आला नाहीत."

"तू येते म्हणाली होतीस," म्हणाले.

माणूस इतका साधा असू शकतो की इतका हुशार, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पुढे कधीही ठरवता आलं नाही. एकदा सरळ विचारलंही, "मी घर सोडून गेले होते, हे तुम्हाला कळलं होतं का?" त्यांनी "हं" म्हटलं.

चालीवरून वाटतं, कळलं होतं. त्यांनी मूळ चाल बांधली ती अशी, की 'ये' वर धरायचं आणि 'ते' खाली सोडून द्यायचं, पायरी उतरल्यासारखं. पण रेकॉर्डिंगला आलेल्या त्या बाई तेव्हा अगदी नव्या होत्या आणि त्यांचं लग्न ठरलेलं होतं. त्यांनी कागद वाचला, त्यांना वाटलं नायिका भेटायला निघाली आहे. त्यांनी 'ते' वर नेलं, आणि थोडं हसून नेलं. बाबा म्हणाले, पुन्हा घेऊ या. रेकॉर्ड करणारा म्हणाला, "मास्तर, हात लावू नका, फार छान झालंय." स्टुडिओची वेळही संपली होती. तेच कायम राहिलं. त्यांनी जाणाऱ्या बाईची चाल केली होती, आणि रेकॉर्डवर येणारी बाई उतरली.

"ते 'ते' खाली यायला हवं होतं," असं रेडिओ लागला की ते का म्हणायचे, हे आता तुला कळेल. तू लहान असताना हात वर करून त्यांची नक्कल करायचीस.

तर मी राहिले. पुढे तू झालीस. हे सगळं लिहायला दोन बैठका लागल्या.

आई


५ फेब्रुवारी, रविवार

प्रिय भिंगरी,

कार्यक्रम काल झाला. सभागृह भरलं होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं. खुर्च्या फार मऊ होत्या, उठताना हात टेकावे लागले.

आधी वाद्यवृंदातले लोक बोलले. एकाने सांगितलं की बाबा एकदा स्वतःच्याच गाण्याच्या रेकॉर्डिंगला घरच्या चपलेत आणि शर्टाची बटणं वरखाली लावून आले होते, आणि कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी बटणं नीट न लावता कोट घातला. लोक हसले. मीही हसले. ते खरं आहे. तो कोट ते तिथेच विसरले, आणि दुसऱ्या दिवशी मी तो घरभर शोधत होते.

मग रेडिओवरच्या त्या बाईंनी मला वर नेलं. म्हणाल्या, "काकू, आता तुम्हीच सांगा. इतक्या वर्षांचं गुपित."

मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. एकच वाक्य होतं. मी म्हटलं, "मी त्यांना सोडून, घरातून निघून गेले होते, तेव्हा त्यांनी हे गाणं केलं."

मग त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे रुसवा! गोड रुसवा!" आणि सगळं सभागृह हसून टाळ्या वाजवायला लागलं. मी म्हटलं, "रुसवा नव्हे." पण तोवर माइक त्यांनी स्वतःकडे घेतला होता. त्या सांगत होत्या की आपल्या घरातला रुसवासुद्धा किती सुंदर असू शकतो. पाठीमागून कुणीतरी "क्या बात है" म्हणालं. मला एक फुलांचा गुच्छ दिला आणि खाली आणून बसवलं.

म्हणजे मी खरं सांगून आले आणि गाणं आधीपेक्षा गोड झालं.

गाणाऱ्या बाईंचे गुडघे गेले आहेत. त्या बसूनच गायल्या. आवाज पातळ झालाय, पण सूर आहे. 'ते' त्यांनी वरच नेलं. त्यांनी नेलं नसतं तरी लोकांनी नेलं असतं, कारण सगळेच बरोबर म्हणत होते. नंतर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर त्या दिवशी माझ्यावर रागावले होते का हो? मला आजवर कळलेलं नाही." मी म्हटलं, "नाही, तुमच्यावर नाही." त्यांना बरं वाटलं.

जावई दुसऱ्या रांगेत होते. बाहेर पडताना त्यांनी माझी पिशवी घेतली. म्हणाले, "आई, आज तुम्ही फार छान बोललात. तिचाही रुसवाच आहे. जाईल. तिला सांगा, मी वाट बघतोय." मी म्हटलं, निरोप देते. हा दिला.

घरी आले तर तुझं कार्ड येऊन पडलं होतं. या वेळी एकच ओळ. "मग तू का राहिलीस?"

याचं उत्तर लगेच देत नाही. मला कुणी हे विचारलेलं नाही. मावशीनेसुद्धा "शेवटी गेलीसच ना" असं म्हटलं होतं, का गेलीस असं नाही. त्यामुळे उत्तर तयार नाही. विचार करून लिहिते.

आई


१३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय भिंगरी,

आज दुकानाला सुट्टी आहे. सकाळी तुझ्या खोलीतलं कपाट आवरलं. बाबांचे शिकवणीचे स्टँड तिथे नेऊन ठेवले होते, ते वाद्यवृंदातल्या एकाला देऊन टाकले. आता खोली मोकळी आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर लिहिते.

मी हत्यारांची पेटी न्यायला आले तिथपर्यंत तुला सांगितलं आहे. मुलांसमोर आमचं ते बोलणं झालं, आणि मी सरळ आत स्वयंपाकघरात गेले. स्टुलावर चढून कपाटावरची पेटी काढली. ओट्यावर ठेवून उघडली, सगळं आहे ना पाहिलं. पेटी घेऊन निघणार तेवढ्यात ते आत आले. मुलांना त्यांनी एकच सरगम घोकायला लावून ठेवली होती. मला वाटलं पाणी प्यायला आले. ते त्याच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तुझे वडील कसे गेले?"

मी म्हटलं, "आता विचारता?"

"तू तेव्हा सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. आता सांग."

मी म्हटलं, "मुलं बसलीत बाहेर."

"बसू देत."

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. लवकर संपवून निघायचं असं मनात होतं. पण ते मध्ये मध्ये विचारू लागले. दवाखान्यात खिडकीजवळची खाट होती का? शेवटी बोलत होते का? तू काय म्हणालीस? रात्री कोण बसायचं त्यांच्याजवळ? मी म्हटलं, मीच. मग पुन्हा म्हणाले, सांग. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. त्यात अशाही गोष्टी होत्या ज्या मी मावशीलाही सांगितलेल्या नव्हत्या. आमचे वडील शेवटी मला ओळखत नव्हते आणि नर्स समजून "आभारी आहे" म्हणत होते, ते मी पहिल्यांदा त्या दिवशी बोलले.

बाहेर मुलं घोकत होती. त्यातला एक जण तोच एक सूर पुन्हा पुन्हा चुकीचा लावत होता. अगदी माझ्यासारखीलाही कळेल इतका चुकीचा. तुझ्या बाबांना तू ओळखतेस. असा सूर कानावर पडला तर ते गाढ झोपेतून उठायचे. त्या दिवशी उठले नाहीत. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. माझं सांगून होईपर्यंत तो मुलगा चुकत राहिला आणि ते माझ्याकडे बघत बसले होते. मी मुद्दाम मध्ये थांबून पाहिलं. तेव्हाही त्यांनी "पुढे?" असंच विचारलं.

माझं संपलं तेव्हा ते उठले आणि बाहेर गेले, आणि त्या मुलाला काय ओरडलेत म्हणून सांगू. बिचारा रडायला लागला. मी पेटी ओट्यावरून उचलून परत कपाटावर ठेवली.

मी त्यामुळे राहिले. गाण्यामुळे नाही. गाणं तर त्यांनी रेडिओसाठी केलं, सगळ्यांसाठी केलं. हे तेवढं माझ्यासाठी होतं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. त्यानंतरही पुष्कळदा "हं" म्हणाले. पण ते ऐकू शकतात हे मी एकदा पाहिलेलं होतं, आणि मला त्यावर चालवता आलं. दुसरीला आलं नसतं. तुला यायला हवं असंही नाही.

तुला त्यांनी विचारलं नाही. त्यांना वेळ लागायचा. माझ्या वेळी जवळजवळ वर्ष लागलं होतं. तुझ्या वेळी त्यांना सहा-सात महिनेच मिळाले. आणखी मिळाले असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं, असं लिहून तुला बरं वाटेल, पण ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझ्या नवऱ्याने विचारलं का, तेही मला माहीत नाही. तो वाट बघतोय एवढंच सगळ्यांना माहीत आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी त्याला म्हणाले असते, की बाबा रे, वाट बघू नकोस, काय झालं ते विचार. पण तोपर्यंत त्याने माझ्यासाठी रिक्षा थांबवली होती.

आपल्या घरात कुणीच तुला ते विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. तू बॅग हातात धरून उभी होतीस तेव्हा "भांडण नाही" म्हणालीस, आणि त्याच्या पुढचं तुझं वाक्य कुणी होऊच दिलं नाही. तर मी आता विचारते. भांडण नाही, मग काय झालं?

पत्रात लिही, नाहीतर फोन कर. दुकानातून मी साडेपाचपर्यंत येते, त्यानंतर घरीच असते. एका फोनमध्ये झालं नाही तर दोन कर. इथे येऊन सांगायचं असेल तर ये. चार दिवस राहा किंवा चार महिने. परत जा असं मी म्हणणार नाही, आणि इथेच राहा असंही नाही. लिहायचं नसेल तर लिहू नकोस, मी पुन्हा एकदा विचारेन.

सकाळी उशा गच्चीवर उन्हात घातल्या होत्या. ऊन पलीकडच्या इमारतीमागे गेलं आहे. पाकीट बंद करते आणि उशा खाली आणते. चार आहेत, दोन खेपा कराव्या लागतील.

आई